पोटमाळा

आज आम्ही आमच्याच फजितीची हकीकत सांगणार आहोत. खुशाल हसा.

आम्ही लालबागच्या एका जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. खोली १० बाय १५ ची. थोरल्याचे लग्न ठरले. नवी सून येणार, तिला आडोसा कुठे? छत उंच होते, म्हणून पोटमाळा घालायचे ठरले. त्याच कामात मोरीही हातभर वाढवून घ्यावी म्हटले.

मिस्त्री आमच्या गावाकडचे. गावच्या माणसाशी लिहून काय घ्यायचे? सारे बोलणे तोंडी झाले. निम्मे पैसे आगाऊ दिले. पहिली चूक ती. मिस्त्रींची नव्हे, आमची.

मोरी झाली. मोरीचा कोबा केला की सात दिवस तरी तो ओला ठेवावा लागतो. मिस्त्रींनी दुसऱ्याच दिवशी लाद्या बसवल्या. उतारही उलटा. पाणी जाळीकडे न जाता भिंतीच्या कोपऱ्यात साचू लागले. आम्हांला वाटले, होईल हळूहळू. खालच्या मावशींच्या छतातून मात्र पाणी ठिबकत होते. त्यांनी खाली पातेले लावले होते. तीन दिवस बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत.

मावशींकडून वर आलो आणि पोटमाळ्याकडे नीट पाहिले. पाहतो तर काय! माळ्याच्या तुळया बसवण्यासाठी भिंतीतल्या सागवानी खांबाला चार बोटे खोल खाच पाडलेली. वरचा मजला आणि छप्पर यांचा भार त्याच खांबावर.

पोटात गोळाच आला. डॉकयार्ड रोड स्टेशनाजवळची महापालिकेची इमारत आठवली. २७ सप्टेंबर २०१३ च्या सकाळी ती कोसळली आणि ६१ माणसे दगावली. तळमजल्याच्या गाळ्यात पोटमाळा घालताना केलेल्या तोडफोडीने इमारत खिळखिळी झाली, असा आरोप तेव्हा झाला होता. ती इमारत सिमेंटची, आमची चाळ लाकडाची. पण भार तो भारच.

काम तिथेच थांबवले. मिस्त्री तापले. "वीस वर्षं माळे घालतोय, अजून एक पडला नाही!"

आम्ही भांडलो नाही. भांडलो असतो तर ते हत्यारे उचलून गेले असते आणि खाच तशीच राहिली असती. इंजिनियरला बोलावले. मालकालाही कळवले. त्याची परवानगी आम्ही आधी काढलीच नव्हती, हे सांगताना मान खाली गेली. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे मालकाच्या लेखी संमतीवाचून पक्के बांधकाम केले, तर खोली खाली करून मागण्याचा दावा लागू शकतो. नशीब आमचे, मालकाने इंजिनियरचा कागद पाहून संमती लिहून दिली.

इंजिनियरने आधी टेकू द्यायला लावला. मग खाचेत सागाचा तुकडा घट्ट बसवला, दोन्ही अंगांनी लोखंडी पट्ट्या लावून आरपार बोल्ट आवळले. माळा दोन फूट आखूड झाला. वर निजायचे, पेट्या चढवायच्या नाहीत, अशी त्याने ताकीद दिली.

मग मिस्त्रींना चहा दिला आणि वही काढली. काय चुकले, कोण दुरुस्त करणार, किती दिवसांत, खर्च कोणाचा, सारे लिहिले. मोरी पुन्हा करायची ती मिस्त्रींच्या खर्चाने. खांबाचा खर्च निम्मा निम्मा, कारण घाई आमचीही होती. मावशींच्या छताला रंग आम्ही द्यायचा. उरलेले पैसे पाण्याची परीक्षा झाल्यावर. कागद आमच्या सौभाग्यवतींनी लिहिला. गेल्या वर्षी त्या याच वर्गात बाराखडी गिरवत होत्या. मिस्त्रींनी तो दोनदा वाचून घेतला आणि सही केली. हिशेबाचा कागद त्यांनाही हवाच होता, असे पुढे कळले. मागे एका गिऱ्हाइकाने त्यांचे पैसे बुडवले होते.

लाद्या उखडल्या. कोबा नव्याने केला. या वेळी तीन फुटांत अर्धा इंच उतार ठेवला, पाणसळ लावून पाहिला. सात दिवस गोणपाट ओले ठेवले. वाळल्यावर लाद्या बसल्या. मग जाळीत बोळा कोंबला, मोरीत दोन इंच पाणी भरले आणि भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. पुरे २४ तास कोणी मोरी वापरली नाही. आंघोळीला शेजारी गेलो.

दुसऱ्या दिवशी पाणी रेघेवरच होते. मिस्त्रींना घेऊन खाली मावशींकडे गेलो. छत कोरडे होते. पातेले मात्र तिथेच.

"उचलू का?" मिस्त्रींनी विचारले.

"राहू दे बाबा आणखी चार दिवस," मावशी म्हणाल्या.