पडणारा दगड आणि मुलांनी केलेली चित्रफीत

(शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



जड व हलकी अशा दोन वस्तू एकाच उंचीवरून एकदम सोडल्या, तर अगोदर कोणती खाली येईल, हा प्रश्न सातवीच्या कोणत्याही वर्गात विचारून पाहावा. गुरुत्वाकर्षणाची व्याख्या बिनचूक म्हणून दाखविणारी मुलेही बहुधा ‘जड’ असेच उत्तर देतात. त्यात नवल नाही. पीस आणि दगड यांचे पडणे ती रोज पाहत असतात, आणि पाठ केलेली व्याख्या त्या अनुभवाला स्पर्शही करीत नाही. उत्तरपत्रिकेपुरती एक समजूत व शेतात, खळ्यावर वावरताना दुसरी, अशा दोन समजुती एकाच डोक्यात सुखाने नांदतात. विज्ञानाचा तास झाला, पण विज्ञान झाले नाही, असे होते ते येथेच.

पडणे फार लवकर आटोपते, ही खरी अडचण होय. सव्वा मीटरवरून सोडलेला दगड सुमारे अर्ध्या सेकंदात भुईवर येतो. गॅलिलिओपुढेही हीच अडचण होती. त्याने उतरत्या पन्हळीतून गोळा घरंगळत सोडून गती मंद केली आणि पाण्याच्या घड्याळाने वेळ मोजला. १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात हे वर्णन आहे. आज खेड्यातील पालकाच्या खिशातील मोबाईल हेच काम करू शकतो. साधारण मोबाईल एका सेकंदात ३० चित्रचौकटी घेतो. म्हणजे दर तिसरी चौकट एक दशांश सेकंदाची झाली.

भिंतीवर चुन्याने वा खडूने दर दहा सेंटिमीटरला रेघ ओढावी. एका मुलाने भिंतीलगत दगड सोडावा, दुसऱ्याने चार-पाच पावले दूर, मोबाईल न हलविता, चित्रण करावे. मग चौकटी एकेक पुढे सरकवीत दगड कोठे आहे ते तिसऱ्याने वहीत मांडावे. पहिल्या दशांश सेकंदात दगड सुमारे ५ सेंटिमीटर उतरतो, दुसऱ्यात १५, तिसऱ्यात २५, चौथ्यात ३४. हे १, ३, ५, ७ असे प्रमाण मुलांना स्वतःच्या वहीत सापडते, तेव्हा ‘त्वरण’ या शब्दाला प्रथमच अर्थ येतो. दोनचार सेंटिमीटर इकडेतिकडे होतील. ते खोडू नयेत. दगड नेमका कोणत्या क्षणी हातातून सुटला हे दोन चौकटींच्या मधे लपलेले असते, आणि मोजमापातील चूक कोठून येते हे कळणे हाही विज्ञानाचाच पाठ आहे. अंधाऱ्या खोलीत मात्र हा प्रयोग करू नये. उजेड कमी पडला की काही मोबाईल चौकटींची संख्या घटवितात आणि सारे गणित फसते. सेकंदकाट्याचे घड्याळ अगोदर चित्रित करून एका सेकंदात किती चौकटी पडतात हे मुलांकडूनच मोजवून घ्यावे.

पुढे वीट व खडा एकदम सोडावेत. नंतर कागद, आणि तोच कागद चुरगळून. हवेचा अडथळा म्हणजे काय हे मग सांगावे लागत नाही. हवा नसलेल्या चंद्रावर, १९७१ साली, अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांनी हातोडा व पीस एकदम सोडले होते आणि दोन्ही बरोबर खाली आले. ते चित्रण मुलांना अवश्य दाखवावे, पण स्वतःचे चित्रण झाल्यावर, आधी नव्हे.

हा क्रम महत्त्वाचा आहे. सिडनी विद्यापीठात डेरेक मुलर यांनी २००८ साली पूर्ण केलेल्या प्रबंधात असे दिसून आले की, सुबोध, नीटस स्पष्टीकरणाची चित्रफीत विद्यार्थ्यांना आवडली, पण तिने त्यांच्या मूळ समजुती फारशा हलविल्या नाहीत. ज्या चित्रफितीत चुकीची समजूत प्रथम बोलून दाखविली होती व मग तिची छाननी केली होती, ती विद्यार्थ्यांना गोंधळाची वाटली. तथापि शिकणे तिनेच अधिक घडविले. म्हणून मुलांच्या चित्रफितीचा आरंभ त्यांच्या अंदाजाने व्हावा. “वीट आधी पडेल, कारण ती जड आहे,” असे मुलाने कॅमेऱ्यापुढे ठासून सांगावे, आणि ते वाक्य शेवटपर्यंत तसेच राहू द्यावे.

येथेच शिक्षकाचा मोह आडवा येतो. पाहुणे येणार, तपासणी होणार, म्हणून पाठ करून घेतलेली वाक्ये, इस्त्रीचे कपडे आणि मागे संगीत! अशी चित्रफीत देखणी होते. तिच्यात शिक्षकच बोलत असतो, मूल केवळ ओठ हलविते. त्यापेक्षा वाऱ्याच्या आवाजात अडखळत बोललेली, अंदाज चुकलेली दोन मिनिटांची फीत शतपटीने मोलाची. वर्गात कधीच हात वर न करणारी एखादी मुलगी दगडाच्या चौकटी मोजताना “गुरुजी, ही चौकट दोनदा मोजली गेली,” असे म्हणते, ती संधी इस्त्रीच्या कपड्यांत हरवते.

साधनांची फार चिंता नको. पाच-सहा मुलांत एक मोबाईल पुरतो, आणि चित्रणाला इंटरनेट लागत नाही. चौकट-चौकट पुढे नेण्याची सोय मात्र मोबाईलवर अगोदर घालून ठेवावी. शाळेत संगणक असल्यास ‘ट्रॅकर’ ही विनामूल्य प्रणाली उपयोगी पडते. मुलांचे चेहरे असलेली फीत पालकांच्या संमतीवाचून कोठेही पाठवू नये. खरे तर दगड, भिंत आणि आवाज एवढेच चित्रात असले तरी चालते. विटेचा प्रयोग करताना सोडणाऱ्याचे पाय बाजूला आहेत ना, हे शिक्षकाने स्वतः पाहावे, आणि खाली गोणपाट अंथरावे.