दोन-तीन वर्षांचं मूल आणि अतिचंचलता

दोन-अडीच वर्षांचं मूल कडेवर घेऊन आलेली आई हल्ली हमखास विचारते, "डॉक्टर, हा क्षणभर एका जागी बसत नाही. दोन घास खाल्ले की पळाला. मोबाइलवर वाचलं, सगळी लक्षणं जुळतात. याला एडीएचडी तर नाही ना?" सोबतची आजी लगेच म्हणते, "काही नाही हो, याचा बापही लहानपणी असाच होता." या दोघींशी आज मला बोलायचं आहे.

एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, अतिचंचलता आणि उतावळेपणा यांचा विकार. तो मेंदूच्या वाढीशी निगडित आहे. मोबाइलमुळे तो जन्माला आलेला नाही. १९०२ मध्ये लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं होतं. आईच्या लाडामुळे किंवा धाक नसल्यामुळेही तो होत नाही. मुलामुलांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्यात ७० टक्क्यांहून अधिक वाटा आनुवंशिकतेचा असतो, असं जुळ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसतं. म्हणून आजीचं ते वाक्य मी उडवून लावत नाही, लिहून ठेवते. बाप असाच होता, तर शाळेत त्याचं कसं झालं, हेही विचारते.

मग दोन वर्षांच्या मुलाचं निदान लगेच का करत नाही? कारण या वयात चंचलता हाच नियम आहे. स्वतःला आवरायला शिकवणारा मेंदूचा पुढचा भाग फार सावकाश पिकतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वंही या विकाराची रीतसर तपासणी चौथ्या वर्षापासून करायला सांगतात. दुसऱ्या वर्षी घर डोक्यावर घेणारी कितीतरी मुलं चौथ्या-पाचव्या वर्षी आपोआप स्थिरावतात.

पण निदान थांबवायचं म्हणजे लक्ष द्यायचंच नाही, असं नव्हे. पालकांनी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, तीव्रता. बरोबरीच्या मुलांत ठेवून पाहा. तीन वर्षांचं मूल आवडीच्या खेळात थोडा वेळ तरी रमतं, मांडीवर बसून चित्रांची छोटी गोष्ट ऐकतं. हे मूल रोजच एक खेळणं उचलतं, टाकतं, दुसऱ्याकडे धावतं, कशातच रमत नाही, असं आहे का? हात सोडवून रस्त्यावर पळणं, खिडकीच्या गजांवर चढणं, पडल्यावर दुसऱ्या मिनिटाला पुन्हा तेच करणं, हे वारंवार घडतं का?

दुसरी, सातत्य. पाहुणे आले, दात आले, घरात नवं बाळ आलं, तर कुठलंही मूल काही आठवडे बिथरतं. हे वागणं सहा महिने टिकून आहे का?

तिसरी, ठिकाण. फक्त घरी, की आजोळी, अंगणवाडीत, बागेतही? घरी वांड आणि बालवाडीत शांत असेल, तर कारण घरात शोधावं लागतं.

चौथी, परिणाम. सतत इजा होते, इतर मुलं जवळ येत नाहीत, बालवाडीतून तक्रारी येतात, झोप-जेवण रोजची लढाई झाली आहे, असं असेल तर थांबू नका.

एक गैरसमज इथेच दूर करते. "टीव्हीसमोर तासभर बसतो, म्हणजे लक्ष आहे," असं पालक म्हणतात. पडद्यावरचं चित्र क्षणाक्षणाला बदलतं, मुलाला लक्ष टिकवावंच लागत नाही. मोबाइल समोर धरून भरवल्यावर मूल शांत राहतं, यावरूनही काही सिद्ध होत नाही. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको म्हणते, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

डॉक्टरांकडे आलात की आम्ही आधी दुसरी कारणं शोधतो. ऐकू कमी येतं म्हणून मूल सांगितलेलं करत नाही का? बोलणं उशिरा आलं म्हणून चिडून मारतं का? तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. नाकामागच्या वाढलेल्या गाठीमुळे रात्री घोरणारं, झोपमोड होणारं मूल दिवसा किरकिरं आणि सैरभैर होतं. अंगात लोह कमी आहे का? हाक मारल्यावर मूल वळतं का, हवी ती वस्तू बोटानं दाखवतं का? तसं नसेल तर स्वमग्नतेची तपासणी लागते.

आणि मदत? ती निदानासाठी अडून राहत नाही. चार ते सहा वर्षांच्या मुलांतही पहिला उपचार औषध नसून पालकांचं प्रशिक्षण हाच आहे. चार वर्षांखाली तर या विकारासाठी औषधाची शिफारसच नाही. त्या प्रशिक्षणातल्या गोष्टी आजपासून घरी करता येतात. स्वयंपाकघरातून ओरडण्याऐवजी जवळ जा, खाली बसा, खांद्यावर हात ठेवा आणि एका वेळी एकच गोष्ट सांगा. केलं की त्याच क्षणी शाबासकी द्या, आणि काय चांगलं केलं ते बोलून दाखवा. जेवण, अंघोळ, झोप यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा. खेळ थांबवायचा असेल तर थोडं आधी सांगा. रोज मोकळ्या जागेत मनसोक्त धावू द्या. मारू नका, मारानं मूल तेवढ्यापुरतं घाबरतं, स्वतःला आवरायला शिकत नाही.

तपासणीसाठी लांब जायला हवं असंही नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात आणि त्यांच्या यादीत हा विकारही आहे. तुमची शंका अंगणवाडीताईंना सांगा. गरज पडली तर मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. जाताना मुलाच्या वागण्याची आठवडाभराची टिपणं सोबत न्या, डॉक्टरांना त्यांचा फार उपयोग होतो.

शेवटी घरातल्या वडीलधाऱ्यांना विनंती. अशा मुलामागे दिवसभर धावून त्याची आई थकलेली असते. "तुलाच सांभाळता येत नाही," हे तिला ऐकवू नका. दिवसातला एक तास मूल आपल्याकडे घ्या आणि तिला विश्रांती द्या. मुलाला धीरानं वागवायचं, तर आधी तिच्या अंगात त्राण हवं, आणि ते देणं घरातल्या प्रत्येकाच्या हातात आहे.