प्रतिस्पर्धी हाच साक्षीदार



स्पर्धा म्हटली की एकाने पुढे जायचे आणि दुसऱ्याने मागे राहायचे, हे आपण गृहीतच धरतो. कुस्तीच्या फडात प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लागल्यावाचून आपला जय होत नाही. परंतु प्रतिस्पर्ध्याला गुण मिळवून दिल्याखेरीज स्वतःलाही गुण मिळत नाही, अशी एक स्पर्धा दरवर्षी साऱ्या पृथ्वीवर खेळली जाते. तिला ना मैदान लागते, ना प्रेक्षक. हौशी रेडिओवाल्यांची, म्हणजे ज्यांना सर्रास 'हॅम' म्हणतात त्यांची ही बिनतारी स्पर्धा होय.

हॅम म्हणजे सरकारची परीक्षा देऊन, परवाना घेऊन, स्वतःच्या घरातून बिनतारी संदेश पाठवणारा हौशी माणूस. आपण रेडिओ नुसता ऐकतो. तो उत्तरही देतो. या संभाषणातून पैसा मिळवण्यास त्याला मनाई असते. प्रत्येकाला एक संकेतनाम मिळते. भारतातील संकेतनामे सामान्यतः 'व्हीयू' या अक्षरांनी सुरू होतात, त्यामुळे नाव उच्चारताच देश कळतो.

या छंदातील सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक 1948 साली सुरू झाली. 'सीक्यू वर्ल्ड वाइड' हे तिचे नाव. ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवार-रविवारी ती बोलण्याची असते, नोव्हेंबरच्या अखेरीस मोर्स संकेतांची. आपल्या देशातील तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली, तरी जुन्या तारघरातील ती कडकट्ट या स्पर्धेत अजून ऐकू येते. जागतिक वेळेच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला, आरंभ होतो. पुढे सलग 48 तास ज्याला जितके जागवेल तितके त्याने जागावे.

खेळ वरकरणी सोपा आहे. साऱ्या जगाचे 40 विभाग पाडले आहेत. मुंबईचा हॅम ब्राझीलमधल्या हॅमची हाक ऐकतो, त्याला आपले संकेतनाम सांगतो, आवाज कसा ऐकू येतो त्याचा आकडा आणि आपला विभाग 22 कळवतो. पलीकडूनही तेच येते. दोघे नोंद करतात आणि पुढच्या हाकेकडे वळतात. सारे काही सेकंदांत आटोपते. दुसऱ्या खंडाशी संपर्क झाला तर तीन गुण, आपल्याच खंडातील परदेशाशी झाला तर सामान्यतः एक. स्वदेशातील संपर्काला गुण शून्य!

खरी गंमत पुढे आहे. या गुणांच्या बेरजेला आपण गाठलेल्या देशांच्या व विभागांच्या संख्येने गुणायचे असते. समजा, 500 संपर्कांतून 1,500 गुण झाले आणि देश व विभाग मिळून संख्या 100 झाली, तर एकूण 1,50,000. आता आणखी एक तीन गुणांचा नेहमीचा संपर्क 300 ची भर घालील. पण तोच संपर्क एखाद्या नव्या देशाशी झाला, तर भर 1,803 ची, म्हणजे सहापट! म्हणून जोरकस आवाजांच्या गर्दीत कोठे तरी कुजबुजणारे एखादे बेट शोधावे लागते. आपण भारतीयही असेच हवेहवेसे असतो. विभाग 22 मध्ये भारत, श्रीलंका, मालदीव अशी मोजकीच नावे आहेत. त्यामुळे येथून हाक गेली की उत्तरांची झुंबड उडते.

या स्पर्धेतील तिसरा गडी आकाश आहे. सूर्यकिरणांनी वातावरणाच्या वरच्या भागात विद्युतभारित थर तयार होतात आणि लघुलहरी त्यांवरून परतून दूरदेशी उतरतात. 10 आणि 15 मीटरच्या लहरींना बहुधा दिवस मानवतो, 40 आणि 80 मीटरच्या लहरींना रात्र. आपल्याकडे झुंजूमुंजू होते तेव्हा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळ असते. त्या संधिप्रकाशात 40 मीटरवर घटकाभर दार उघडते आणि पुन्हा मिटते. ज्याला हे दार केव्हा उघडते ते ठाऊक, त्याची साधी एरियल धनवंताच्या उंच मनोऱ्यालाही कधी कधी मागे टाकते.

हे ज्ञान पुष्कळ अंशी हौशी लोकांनीच कमावले. 1912 साली अमेरिकेच्या कायद्याने त्यांना 200 मीटर आणि त्याहून आखूड लहरी दिल्या, कारण त्या निरुपयोगी समजल्या जात. डिसेंबर 1921 मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हौशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रॉसन येथे तंबू ठोकून बसला आणि त्याने अटलांटिकपलीकडील हौशी केंद्रांचे संकेत ऐकले. दोनच वर्षांनी, 1923 च्या नोव्हेंबरात, फ्रान्स आणि अमेरिका येथील हौशींचे परस्परांशी संभाषण झाले, तेही सुमारे 100 मीटरवर. टाकाऊ म्हणून दिलेली जमीनच सुपीक ठरली!

आता या खेळाचा जो विशेष मला सर्वांत मोलाचा वाटतो, तो सांगतो. येथे पंच समोर उभा नसतो. स्पर्धा संपल्यावर पाच दिवसांच्या आत प्रत्येकाने आपली नोंदवही संयोजकांकडे पाठवायची. तेथे संगणक सर्वांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहतो. मी एक अक्षर चुकीचे ऐकले असेल तर तो संपर्क बाद होतो, वर दंडही बसतो. म्हणजे माझ्या गुणाची साक्ष माझ्या प्रतिस्पर्ध्याच्या वहीत असते, आणि त्याच्या गुणाची माझ्या. मी निष्काळजी झालो तर नुकसान माझे होते, आणि तो निष्काळजी झाला तर त्याचे. बक्षीस म्हणून एखादे प्रशस्तिपत्र, फार तर एखादी स्मृतिफलिका. तरीही जगभरचे लोक झोपेवर पाणी सोडतात, ते नेमके ऐकण्याच्या या कसोटीसाठी.

ही कसोटी नुसत्या करमणुकीची राहत नाही. 2004 च्या डिसेंबरात हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेची एक तुकडी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात गेली होती. तेव्हाच्या पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, जगभरच्या हॅमांना त्या दुर्मिळ बेटाचा संपर्क द्यावा, एवढाच हेतू. स्पर्धेसारखीच हाकांची झुंबड उडत होती. 26 तारखेला त्सुनामी आली. दळणवळण कोलमडले, आणि त्याच यंत्रांवरून, त्याच माणसांनी मुख्य भूमीकडे निरोप धाडण्यास प्रारंभ केला. आकड्यांच्या जागी आता माणसांची नावे आली, एवढाच फरक. नाव चुकीचे ऐकले तर एखाद्या घरी खोटा आनंद किंवा खोटा शोक जाणार! खरखरीतून एक एक अक्षर निवडून घेण्याची, ते पुन्हा उच्चारून खात्री करून घेण्याची सवय अशा दिवशी एकाएकी लागत नाही. ती आधीच्या अनेक निवांत रात्री जागून अंगी बाणवावी लागते.

म्हणून विनंती एवढीच की, आपल्या गावात एखादा परवानाधारक हॅम असेल, तर ऑक्टोबरच्या त्या शनिवारी त्याच्या परवानगीने तासभर शेजारी बसावे, आणि बरोबर घरातील एखाद्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला न्यावे. प्रथम नुसता गोंगाट ऐकू येईल. मग हळूहळू त्यातून एक आवाज सुटा होईल, त्याचे नाव कळेल, त्याचा देश कळेल. आपल्यासारखाच कोणी तरी तिकडे जागा आहे आणि तो आपली हाक नीट ऐकू इच्छितो, हे त्या मुलाला त्या वेळी जितके पटेल, तितके भूगोलाच्या पुस्तकातून क्वचितच पटेल.