"लग्न झालंय का?" : लघवीचा त्रास, प्रोस्टेट आणि एसेक्शुअल पुरुष

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजचा विषय बहुतेक जण इअरफोन लावूनच ऐकतील, पण त्यात लाजण्यासारखं काही नाही. आज लघवीबद्दल आणि प्रोस्टेटबद्दल बोलूया, आणि तेही एसेक्शुअल पुरुषाच्या बाजूने. मी स्वतः एसेक्शुअल आहे, वय चौतीस, आणि या त्रासातून गेलोय.

आधी शब्द स्पष्ट करतो. एसेक्शुअल म्हणजे ज्याला इतरांबद्दल लैंगिक आकर्षण वाटत नाही किंवा फारच क्वचित वाटतं. मराठीत अलैंगिक म्हणतात. हे ब्रह्मचर्य नव्हे, कारण ब्रह्मचर्य ठरवून पाळतात. हा नपुंसकपणाही नव्हे. काही एसेक्शुअल पुरुष हस्तमैथुन करतात, काही करत नाहीत. काही जण प्रेमात पडतात, लग्नही करतात. ब्रिटनमधल्या १८ हजारांहून जास्त लोकांच्या पाहणीवरून अँथनी बोगार्ट या संशोधकाने २००४ साली मांडलं की साधारण एक टक्का लोक असे असतात. म्हणजे तुमच्या कॉलेजात, ऑफिसात आम्ही आहोतच.

आता प्रोस्टेट. मूत्राशयाच्या खाली, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी. लघवीची नळी तिच्या मधून जाते. म्हणून ती सुजली किंवा वाढली की परिणाम थेट लघवीवर होतो. धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, झाली तरी राहिल्यासारखं वाटतं, रात्री उठावं लागतं. आपल्याला वाटतं हा बाबा-आजोबांचा आजार. ग्रंथी वाढण्याचा त्रास खरंच पन्नाशीनंतर जास्त दिसतो. पण प्रोस्टेटायटिस, म्हणजे तिथली सूज आणि दुखणं, तरुणांतही भरपूर आढळतं. पन्नाशीच्या आतल्या पुरुषांमध्ये ही मूत्रमार्गाची सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार मानली जाते.

आणि आपण काय करतो? "उन्हाळी लागली असेल" म्हणतो, धन्याचं पाणी, सब्जा पितो आणि गप्प बसतो. पाणी कमी पडून जळजळ होत असेल तर त्याने बरं वाटतंही. पण चार दिवसांत थांबली नाही, तर ती उन्हाळी नाही.

मग डॉक्टरांकडे जायचं. आणि तिथे तो प्रश्न येतो: "लग्न झालंय का?"

आपल्याकडे हा प्रश्न म्हणजे "शारीरिक संबंध येतात का?" याचं सभ्य रूप. विचारणं चूक नाही. जळजळ संबंधांतून आलेल्या संसर्गाची आहे का, हे डॉक्टरांना ठरवायचं असतं. पण "नाही" म्हटलं की दोन गोष्टी होतात. एकतर विश्वास बसत नाही, किंवा सल्ला मिळतो. मला एका दवाखान्यात ऐकायला मिळालं, "लग्न करून टाका, सगळं मोकळं होईल." ओटीपोटात दुखतंय म्हणून गेलेला माणूस अशा वेळी दुसऱ्यांदा जात नाही. खरं नुकसान तिथे होतं.

म्हणून प्रश्नाची वाट न बघता सरळ सांगा: "डॉक्टर, गेल्या वर्षभरात माझे कोणाशीही शारीरिक संबंध आलेले नाहीत. मी एसेक्शुअल आहे, ती माझी तक्रार नाही. मला लघवीच्या त्रासासाठी तपासा." एसेक्शुअल हा शब्द उच्चारायचा नसेल, तर पहिलं वाक्य पुरेसं आहे. आणि संबंध आले असतील तर तेही खरं सांगा. एसेक्शुअल असण्याने संसर्ग टळत नाही.

इच्छा नाही म्हणून हार्मोन तपासायचे का? आयुष्यभर असेच असाल तर फक्त तेवढ्यासाठी गरज नाही. पण आधी इच्छा होती आणि ती अचानक गेली, सोबत थकवा आहे, तर तपासून घ्या. ती वेगळी गोष्ट आहे.

आता सगळ्यात जास्त छळणारी भीती. "वापरलं नाही तर साठून राहतं, मग प्रोस्टेट बिघडतं." खरं काय? शुक्रजंतू शरीर स्वतःच जिरवतं, काही वेळा झोपेत स्खलन होतं, दोन्ही नैसर्गिक आहे. नेटवर ज्या अभ्यासाचा दाखला देतात, तो अमेरिकेतला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला, सुमारे ३२ हजार पुरुषांचा. महिन्याला २१ किंवा जास्त वेळा स्खलन होणाऱ्यांत, ४ ते ७ वेळा होणाऱ्यांपेक्षा, प्रोस्टेट कॅन्सरचं प्रमाण साधारण २० टक्क्यांनी कमी दिसलं. पण तो एकत्र दिसलेला संबंध आहे, कारण सिद्ध झालेलं नाही. शिवाय त्यात हस्तमैथुन आणि झोपेतलं स्खलनही मोजलं होतं. म्हणजे "सेक्स करा नाहीतर कॅन्सर" असं तो अभ्यास म्हणतच नाही.

जुनाट प्रोस्टेटायटिसमध्ये काही डॉक्टर नियमित स्खलनाचा सल्ला देतात. तुम्हाला हस्तमैथुनात काही वाटत नसेल तर करून बघा. नको वाटत असेल तर तसं सांगा, इतर उपाय आहेत. कोमट पाण्याच्या टबात बसणं, औषधं, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी. यात बऱ्याचदा हे स्नायू आखडलेले असतात, म्हणून यूट्यूबवर बघून आवळण्याचे व्यायाम सुरू करू नका. त्याने दुखणं वाढू शकतं.

तपासणीला जाताना तीन दिवसांची नोंद फोनमध्ये ठेवा. किती वाजता लघवी झाली, साधारण किती, काय प्यायलात, रात्री किती वेळा उठलात. सुरुवात सहसा लघवीच्या तपासणीने आणि सोनोग्राफीने होते. गरज पडली तर गुदद्वारातून बोटाने तपासतात, ती काही सेकंदांची असते. स्पर्श नकोसा वाटत असेल तर आधी सांगा, काय करणार ते विचारा, सोबत कोणी हवं असेल तर मागा. थांबा म्हणण्याचा हक्क तुमचा आहे.

पीएसए ही रक्ताची तपासणी सांगितली, तर आधीचे ४८ तास स्खलन आणि जोरात सायकलिंग टाळा, नाहीतर आकडा वाढून येऊ शकतो. अविवाहित माणसाला ही सूचना द्यायची राहून जाते. केस गळतात म्हणून फिनास्टेराइड घेत असाल तर तेही सांगा. त्याने पीएसए जवळपास निम्मा दिसतो.

औषधांचं बोलायचं तर टॅमसुलोसिनने उठताना चक्कर येऊ शकते, वीर्य कमी येऊ शकतं. प्रोस्टेटच्या काही ऑपरेशननंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं. "तुला काय फरक पडतो?" असं कोणी परस्पर ठरवू नये. कदाचित खरंच फरक पडत नसेल, कदाचित पुढे मूल हवं असेल. डॉक्टरांनी दुष्परिणाम सगळे सांगावेत, निवड तुम्ही करावी.

आणि या गोष्टींना थांबायचं नाही: लघवीत रक्त, लघवी पूर्ण तुंबणं, थंडी वाजून ताप, आणि अंडकोषात अचानक जोराची कळ. शेवटच्यात तर काही तासांचाच प्रश्न असतो, रात्र असली तरी निघा. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक घेऊ नका. वारंवार लघवी आणि खूप तहान असेल तर साखरही तपासा.

एका डॉक्टरांनी ऐकून घेतलं नाही तर दुसरे गाठा. मला तिसऱ्या ठिकाणी नीट उपचार मिळाले. तिथे माझं म्हणणं ऐकून डॉक्टर फक्त "बरं" म्हणाले आणि विचारलं, "रात्री किती वेळा उठता?"

चला, पाणी प्या, लघवी आली की जा, मीटिंग संपायची वाट बघू नका. आणि हा भाग ज्याला पाठवावासा वाटतोय, त्याला काही न विचारता पाठवून द्या. पुढच्या भागात भेटू!