आखातांतील बाजार आणि बिऱ्हाड

परमुलखांत राहणाऱ्या माणसाचें खरें जीवन समजून घ्यावयाचें असेल, तर त्याच्या कचेरीपेक्षां त्याची बाजाराची पिशवी पाहावी. कचेरींतलें काम सर्वत्र थोडेंफार सारखेंच असतें. परंतु तो काय विकत घेतो, काय हातांत घेऊन परत ठेवतो, आणि काय विकत घेऊनहि स्वतः न वापरतां पेटींत भरून ठेवतो, यावरून त्याचें मन कोठें आहे हें चटकन कळून येतें. कुवेत, बाहरीन, कतार, ओमान, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिरात या देशांत आज लक्षावधि भारतीय राहतात. एकट्या अमिरातींतच त्यांची संख्या ३५ लाखांहून अधिक आहे. रत्नागिरी-रायगडकडील कोंकणी मुसलमान कुटुंबें, कुवेत-बाहरीनच्या तेलकंपन्यांत पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केलेले गोमंतकीय, आणि अलीकडचे पुण्यामुंबईचे इंजिनियर व हिशेबनीस, यांच्यामुळें ‘आमचा दुबईला असतो’ हें वाक्य मराठी घरांतून सहज ऐकूं येतें. मात्र तेथून येणाऱ्या वस्तूंची या घरांना जितकी ओळख असते, तितकी त्या वस्तू घेणाऱ्याच्या दिनक्रमाची नसते.

या बाजाराचें मुंबईशीं नातें तेलाच्या पुष्कळ आधींचें आहे. तेल सांपडण्यापूर्वीं आखाताची मुख्य संपत्ति म्हणजे मोतीं, आणि त्या मोत्यांची मोठी पेठ मुंबई. उन्हाळ्यांत पाणबुडे शिंपले काढीत. हंगाम संपल्यावर मोतीं मुंबईस येत, आणि परतीच्या गलबतांतून तांदूळ, कापड, मसाले व लाकूड तिकडे जाई. जपानांत शिंपल्यांची शेती करून पिकविलेलीं मोतीं १९२० नंतर बाजारांत येऊं लागलीं, १९२९ नंतर जगभर मंदी पसरली, आणि हा धंदा बसला. बाहरीनला १९३२ सालीं, कुवेतला व सौदी अरेबियाला १९३८ सालीं, आणि दुबईला त्याहून बरेंच उशिरां, म्हणजे १९६६ सालीं तेल सांपडलें. विशेष हें कीं, ब्रिटिश छत्राखालील आखाती संस्थानांच्या बाजारांत या साऱ्या काळांत भारतीय रुपयाच चालत असे. रुपये देऊन घेतलेलें सोनें चोरट्या मार्गानें भारतांत येई आणि परकीय चलनाला गळती लागे. म्हणून १९५९ मध्यें रिझर्व्ह बँकेनें केवळ आखातासाठीं निराळ्या रंगांच्या नोटा काढल्या. कुवेतनें १९६१ मध्यें व बाहरीननें १९६५ मध्यें आपापला दिनार सुरू केला. जून १९६६ मध्यें रुपयाचें अवमूल्यन झाल्यावर दुबई व कतार यांनींहि रुपयाचा निरोप घेतला. अमिरातीचा दिरहम १९७३ सालीं आला. म्हणजे एके काळीं तेथील दुकानदार रुपयांत भाव सांगत असे. आज दुकानदार दिरहमांत भाव सांगतो आणि गिऱ्हाईक मनांतल्या मनांत त्याचे रुपये करून पाहतें.

दुबई शहरांत समुद्राचा एक फांटा आंत शिरलेला आहे. या खाडीच्या एका तीरावर देरा आणि दुसऱ्या तीरावर बर दुबई, अशा दोन जुन्या पेठा आहेत. १९६३ मध्यें मक्तूम पूल होईपर्यंत खाडी ओलांडावयाची तर नावेंतूनच. आज पूल, बोगदा, आगगाडी सारें असूनहि ‘अब्रा’ नांवाच्या त्या उघड्या लांकडी होड्या चालतातच. पाठीला पाठ लावून उतारू बसतात, नाखवा मधोमध उभा राहतो, आणि कांहीं मिनिटांत पैलतीर येतें. देराच्या बाजूला उतरतांच मसाल्यांच्या गल्लीचा वास येतो. इराणचें केशर, ओमानचा ऊद, वाळविलेलीं लिंबें, आणि त्यांच्या शेजारीं थेट केरळांतून आलेली वेलची व मिरी उघड्या पोत्यांत मांडलेली असते. तेथून थोड्या अंतरावर सोन्याचा बाजार. त्या बाजाराची रीत नवख्या माणसाला ठाऊक असावी लागते. सोन्याचा त्या दिवसाचा दर जाहीर असतो. त्यांत घासाघीस चालत नाहीं. घासाघीस करावयाची ती घडणावळींत. अनुभवी गृहिणी म्हणून दर विचारीतच नाहीं. ती दागिना हातांत घेऊन घडणावळ किती एवढेंच विचारते. एक वर्षाहून अधिक काळ परदेशांत राहिलेल्या स्त्रीस ४० ग्रॅम व पुरुषास २० ग्रॅमपर्यंत दागिने जकातीवांचून स्वदेशीं आणण्याची सवलत असल्यामुळें हें वजनहि तिच्या डोक्यांत पक्कें बसलेलें असतें. २०२४ सालीं भारतानें सोन्यावरील आयातकर १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणला, तेव्हां दुबईच्या सोन्यांतील लाभ बराच उणावला. तरीहि मुलीच्या लग्नाचें सोनें तेथूनच घ्यावयाचें, ही अनेक घरांची रीत सुटलेली नाहीं.

किराणामालाच्या दुकानांत गेल्यावर एक गोष्ट ठळकपणें दिसते. या वाळवंटी भूमींत पिकतें तें थोडें. खजूर, कांहीं भाजीपाला आणि समुद्रांतली मासळी वगळली तर ताटांतील बहुतेक सर्व कांहीं जहाजानें किंवा विमानानें येतें. एका भिंतीवर ब्राझीलचें कोंबडें, दुसरीवर ऑस्ट्रेलियाचें मटण, तिसरीवर फिलिपाइन्सचीं केळीं, आणि मधोमध नाशिककडील कांदा. त्यामुळें लासलगांवच्या बाजारांत जें घडतें त्याचा परिणाम दुबईच्या चुलीवर होतो. डिसेंबर २०२३ मध्यें भारतानें कांद्याची निर्यात थांबविली, तेव्हां आखातांतील दुकानांत कांद्याचा भाव भडकला आणि ती बंदी मे २०२४ मध्यें उठेपर्यंत गृहिणी तुर्कस्तान व इजिप्तचा कांदा घेऊन ‘याला तिखटपणा नाहीं’ अशी कुरकुर करीत राहिल्या. जुलै २०२३ मध्यें भारतानें बासमतीवांचून इतर पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद करतांच अमिरातीनें आपल्याकडील तांदूळ बाहेर पाठविण्यास चार महिन्यांची मनाई केली होती. अन्न बाहेरून आणणाऱ्या देशाला असा सावधपणा बाळगावाच लागतो.

मराठी जिन्नस मात्र पूर्वीं मिळत नसत. भाजणी, गोडा मसाला, कोकम, मेतकूट हें सारें रजेवरून परततांना पेटींतून न्यावें लागे, आणि तें सरेपर्यंत काटकसरीनें पुरवावें लागे. १९८४ सालीं महादेव दातार यांनीं बर दुबईंत एक लहानसें किराणा दुकान काढलें. त्यांचे पुत्र धनंजय दातार यांनीं पुढें त्याच्या अनेक शाखा केल्या. अशा दुकानांमुळें आज थालिपीठाची भाजणी व दिवाळीचे पोहे हातीं येतात, चैत्र-वैशाखांत हापूसच्या पेट्याहि येतात. पेटी उघडून आंबा हुंगण्याची संवय तेथेंहि जात नाहीं. फक्त एका आंब्याच्या किंमतींत स्वदेशीं किती आले असते, हा हिशेब त्या वासाबरोबरच मनांत येतो. कोंकणच्या माणसाला सर्वांत अधिक दिलासा मिळतो तो मासळीबाजारांत. सुरमई तेथें ‘कनअद’ या नांवानें मिळते, पापलेट असतें, कोळंबी असते. आणि अरबांचें ‘लबन’ म्हणजे तर आपल्या ताकाचाच भाऊ.

खाण्याच्या बाबतींत आखाताइतकी सरमिसळ क्वचितच कोठें असेल. इराणी भटारखान्यांत भट्टीच्या भिंतीवर थापलेली भली मोठी रोटी कागदांत गुंडाळून मिळते. तिच्यासाठीं सायंकाळीं रांग लागते. मलयाळी माणसाच्या चहाच्या दुकानांत पराठ्याच्या गुंडाळींत अंडें घालून देतात, आणि दूध-वेलचीचा जो दाट चहा अरब लोक मोटारींत बसून मागवितात त्याला ते ‘करक’ म्हणतात. हा शब्द म्हणजे आपला ‘कडक’च होय, अरबींत ‘ड’ नसल्यामुळें त्याचें रूप बदललें, चव तीच राहिली. अरबांच्या मेजवानींतील ‘मच्बूस’ हा मांस घातलेला भात पाहिला तर त्यांतील तांदूळ, हळद, वेलची, दालचिनी सारें जुन्या गलबतांच्या वाटेनेंच तेथें गेलेलें. वाळलेल्या लिंबाचा आंबटपणा तेवढा तिकडचा. करामा किंवा बर दुबई या भागांत गुजराती थाळी, उडपी डोसा, हैदराबादी बिर्याणी आणि वडा-पाव हीं सर्व एकाच रस्त्यावर मिळतात. वाढपी बहुधा केरळचा असतो, गिऱ्हाईक पेशावरचें किंवा मनिलाचें असतें, आणि दोघांमधली भाषा मोडकीतोडकी हिंदी.

येथें कांहीं शिष्टाचारहि संभाळावे लागतात. रमजानच्या महिन्यांत दिवसा चारचौघांत खाणेंपिणें करावयाचें नाहीं, हें प्रत्येक परदेशी माणूस पहिल्याच वर्षीं शिकतो. पूर्वीं खाणावळींना त्या महिन्यांत पडदे लावावे लागत. दुबईनें २०२१ मध्यें ती सक्ति काढून टाकली. सूर्यास्त होतांच मशिदींबाहेर जाजमें अंथरलीं जातात आणि खजूर, पाणी, फळें व भात कोणासहि दिला जातो. त्या पंक्तींत बसणारा मजूर कोणत्या देशाचा वा धर्माचा, हें तेथें कोणी विचारीत नाहीं.

परंतु या झगमगाटाची दुसरी बाजू पाहिल्यावांचून चित्र पुरें होत नाहीं. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हां थंड हवेचीं प्रचंड बाजारगृहें हाच लोकांचा चौक आणि हीच बाग. ज्याच्यापाशीं पैसा आहे तो तेथें खरेदी करतो. ज्याच्यापाशीं नाहीं तो सुटीच्या दिवशीं तेथें नुसता फिरतो. हीं गृहें ज्यांनीं बांधलीं ते कामगार शहराच्या कडेला राहतात. त्यांच्या एका मोठ्या वस्तीला लोक ‘सोनापूर’ म्हणतात; नांव सोन्याचें, वस्ती पत्र्यांच्या व सिमेंटच्या खोल्यांची. एका खोलींत सहा-आठ माणसें, खाटेवर खाट, आणि सामाईक स्वयंपाकघर. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळांत दुपारीं साडेबारा ते तीन उघड्यावरील काम बंद ठेवण्याचा नियम आहे. २००९ पासून पगार बँकेमार्फतच देण्याची व्यवस्थाहि झाली, आणि त्यामुळें वेतन बुडविण्यास कांहीं आळा बसला. तरीहि या कामगाराची खरेदी म्हणजे तांदूळ, डाळ, अंडीं, कांदे आणि दाढीचें सामान. पगाराच्या दिवशीं त्याची पहिली रांग हुंडणावळीच्या पेढीपुढें असते, दुकानापुढें नव्हे.

तेथील प्रत्येक भारतीय, मग तो कामगार असो कीं कारखान्याचा व्यवस्थापक, गुणाकार करीत जगतो. १९९० च्या सुमारास एका दिरहमाचे पांच रुपयांच्या आंतबाहेर होत. २०२४ मध्यें बावीस-तेवीस झाले. रुपया घसरला कीं पाठविलेली रक्कम घरीं फुगलेली दिसते, आणि मुलुखांतील मंडळींना वाटतें कीं याची कमाई वाढली. वास्तविक पगार तेवढाच असतो; घरभाडें, शाळेची फी आणि २०१८ पासूनचा पांच टक्के मूल्यवर्धित कर मात्र दिरहमांतच भरावा लागतो. कुटुंब नेण्यासहि अट आहे: २०१९ च्या नियमाप्रमाणें चार हजार दिरहम पगार, किंवा राहण्याची जागा मिळत असल्यास तीन हजार. ही रेघ ज्याला ओलांडतां येत नाहीं तो आपल्या मुलांचें बालपण छायाचित्रांतून पाहतो.

आणि ज्याला ती ओलांडतां येते त्याचेंहि बिऱ्हाड विंचवासारखें पाठीवरच असतें. तेथील वास्तव्य नोकरीशीं बांधलेलें आहे. २०१९ पासून निवडक लोकांना दीर्घ मुदतीचे परवाने मिळूं लागले. पण सामान्य नोकरदाराची नोकरी संपली कीं ठराविक मुदतींत दुसरी शोधावी, नाहींतर देश सोडावा. निवृत्तिवेतन नाहीं; नोकरी सोडतांना मिळते ती सेवेच्या पहिल्या पांच वर्षांसाठीं दरसाल २१ दिवसांच्या आणि पुढील वर्षांसाठीं दरसाल ३० दिवसांच्या मूळ वेतनाएवढी रक्कम. म्हणून तेथील घरांत पलंग जुन्या बाजारांतला असतो, भिंतीला खिळा ठोकतांना हात आंखडतो, आणि उत्तम भांडीं खोक्यांत बांधून ‘परत गेल्यावर’ वापरण्यासाठीं ठेवलेलीं असतात. कित्येकांचीं वीस-वीस वर्षें त्या ‘परत गेल्यावर’ची वाट पाहण्यांत जातात.

दोरीनें करकचून बांधलेलें जें खोकें विमानतळाच्या पट्ट्यावरून येतें, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावला पाहिजे. खजूर, बदाम, दुधाची भुकटी, अत्तराच्या कुप्या, जाड ब्लँकेटें यांनीं तें भरलेलें असतें. चाळीस वर्षांपूर्वीं यांपैकीं पुष्कळ वस्तू भारतांत दुर्मिळ होत्या आणि त्या खोक्यामुळें साऱ्या आळींत घराची पत वाढे. १९९१ नंतर भारतीय बाजार खुला झाला आणि आज यांतील बहुतेक जिन्नस कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतात. वस्तूंची नवलाई गेली. यादी मात्र तशीच राहिली. रजेच्या दोन महिने आधींपासून ती लांबत जाते. यजमान एकेक वस्तु तोलून पेटींत घालतात, आणि वजन वाढलें कीं पहिल्यानें स्वतःचा सदरा बाहेर काढतात.

ज्या घरांतून कोणी आखातांत गेलें आहे, त्या घरांनीं या गोष्टीचा विचार करण्यासारखा आहे. ‘येतांना काय आणशील?’ हा प्रश्न प्रेमाचाच आहे; परंतु त्याच्या आधीं ‘स्वतःसाठीं काय शिल्लक टाकलें आहेस?’ हा प्रश्न विचारला गेला, तर त्या माणसाच्या खांद्यावरचा भार पुष्कळ हलका होईल. घरीं आलेल्या प्रत्येक रकमेंतून थोडा भाग पाठविणाऱ्याच्याच नांवानें बाजूस ठेवावा. लग्नकार्याचा खर्च त्याच्या पगाराच्या आंकड्यावरून ठरवूं नये. आणि त्याच्या नोकरीला शेवट आहे हें तो बोलून दाखवीत नसला तरी घरच्यांनीं विसरूं नये. एवढें झालें तर परतीच्या दिवशीं त्याच्या हातांत केवळ खोकें नसेल. पुढील आयुष्याची तरतूद असेल, आणि वर्षानुवर्षें बांधून ठेवलेलीं तीं चांगलीं भांडीं त्याला निश्चिंत मनानें सोडतां येतील.