विंचूदंश, विश्वकोश आणि कार्यकर्ता

(रायगड किनाऱ्यावरील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनारपट्टीत विंचू चावणे ही काही बातमी नव्हे. लाकडाचा भारा उचलताना, जांभ्याचा दगड हलवताना, अंधारात पाय वहाणेत सरकवताना नांगी लागते आणि घरात एकच धावपळ उडते. पूर्वी अशा वेळी वाट एकच होती. कोणीतरी भगताकडे पळत जाई. आज भगताकडे माणूस जातोच. पण घरातले शाळकरी पोर त्याच वेळी हातातला फोन उघडते आणि विचारते, विंचू चावल्यास काय करावे? भगत येईपर्यंतच्या अथवा रिक्षा मिळेपर्यंतच्या त्या दहा मिनिटांत त्या पोराला मराठीत काय वाचावयास मिळते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे. वरवर पाहता तो लहान वाटेल. तथापि त्या दहा मिनिटांत पुढची दिशा ठरते, आणि कधी कधी जीव वाचतो की जातो हेही ठरते.

या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर शोधले गेले ते याच जिल्ह्यात. सावित्रीच्या खाडीने वर गेले की महाड लागते. महाडनजीकच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले. कोकणातील लाल विंचू चावलेले रुग्ण तेथे येत. त्यांना दरदरून घाम सुटे, उलट्या होत, हातपाय गार पडत, आणि काही तासांत फुप्फुसांत पाणी भरून धडधाकट माणूस डोळ्यांदेखत जाई. बावस्करांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून या लक्षणांची काटेकोर नोंद केली. विंचवाच्या विषाने मज्जातंतू चाळवले जाऊन शरीरात ॲड्रिनलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि हृदयावर असह्य ताण येतो. हा ताण उतरविण्यासाठी त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबावरची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. त्यापूर्वी गंभीर विषबाधा झालेल्या शंभर रुग्णांमागे तीसच्या आसपास मृत्यू होत. नव्या उपचारानंतर ते प्रमाण एकाच्या आसपास आले, असे त्यांच्या लेखनात नमूद आहे. १९८२ आणि १९८६ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांची पुढची चाचणी छापून आली. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाचे प्रतिविष दिल्यास रुग्ण अधिक लवकर बरा होतो, असे तीत आढळले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या ज्ञानाचा प्रवास नीट पाहावयास हवा. ते जन्माला आले रायगडच्या शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या आणि त्यांच्या मुलांच्या देहावर. छापले गेले लंडनमध्ये, इंग्रजीत. जगभरच्या डॉक्टरांनी ते वाचले. पण ज्यांच्या वेदनेतून ते निर्माण झाले, त्यांच्या घरात ते त्यांच्या भाषेत परत आले की नाही, याची जबाबदारी कोणावरच नव्हती. कच्चा माल खेड्याने पुरवावा आणि पक्का माल परक्या पेठेत विकला जावा, हा व्यवहार समाजवादी कार्यकर्त्याला कापसाच्या आणि भाताच्या बाबतीत तत्काळ ओळखता येतो. ज्ञानाच्या बाबतीत तो तितक्या लवकर ध्यानात येत नाही.

मराठीत हे काम करू पाहणारी माणसे यापूर्वी झाली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ सिद्ध केला, तो जवळजवळ एका माणसाच्या हट्टाच्या बळावर. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईला बसून ‘मराठी विश्वकोशा’ची धुरा वाहिली, त्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, आणि पुढे ते खंड इंटरनेटवरही आले. हे दोन्ही उद्योग तज्ज्ञांचे होते. २००१ साली इंग्रजीत विकिपीडिया सुरू झाला आणि २००३ साली मराठीत. येथे लेख लिहिण्यास पदवी लागत नाही, शिफारस लागत नाही, पैसाही लागत नाही. जो येईल त्याने लिहावे, दुसऱ्याने तपासावे, तिसऱ्याने सुधारावे, अशी ही व्यवस्था आहे. इंग्रजी विकिपीडियात आज सत्तर लाखांच्या आसपास लेख आहेत, मराठीत सुमारे एक लाख. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असणारे लोक आठ कोटी तीस लाख होते. दोन आकड्यांमधील अंतर हे बुद्धीचे अंतर नव्हे. ज्याला इंग्रजी येते त्याला एक विश्व आणि ज्याला येत नाही त्याला दुसरे, ही विषमता तेथे मोजून दाखविता येते, इतकेच.

मग कार्यकर्त्याने काय करावयाचे? प्रथम एक लेख निवडावा. विंचूदंशाचा, सर्पदंशाचा किंवा कुत्रा चावल्यानंतरच्या उपचारांचा. लेख नसेल तर लिहावा, असेल तर तपासावा. लक्षणे कोणती, धोक्याची खूण कोणती, रुग्णालयात नेमके काय केले जाते, हे सरळ मराठीत असावे. सर्पदंशाच्या लेखात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांची ओळख असावी. जखम कापू नये, विष तोंडाने ओढू नये, दोरीने करकचून आवळू नये. अवयव हलू न देता रुग्णाला लवकरात लवकर प्रतिविष मिळेल अशा ठिकाणी न्यावे, हे त्यात असावे. गोळी किती घ्यावी हे मात्र लेखाने सांगू नये. विश्वकोश हा डॉक्टर नव्हे. लेख वाचून कोणी घरीच औषध घेऊ लागला, तर त्या लेखाने भगताचीच जागा घेतली असे होईल.

प्रत्येक विधानाखाली आधार द्यावा लागतो, आणि येथेच बहुतेकांची गाडी अडते. ‘आमच्या गावात असे घडले’ हा आधार चालत नाही, मग ते कितीही खरे असो. वर्तमानपत्रातील कौतुकाचा मजकूर वैद्यकीय दाव्याला पुरत नाही. शास्त्रीय नियतकालिकातील लेख, जागतिक आरोग्य संघटनेची अथवा शासनाची मार्गदर्शक तत्त्वे, मान्यताप्राप्त पाठ्यपुस्तक, असा आधार हवा. इंग्रजी लेख मराठीत उतरविताना शब्दाला शब्द ठेवून भागत नाही; मूळ निबंधापर्यंत जावे लागते. पंधरा ओळींसाठी पंधरा संध्याकाळी खर्ची पडतात. शेवटी त्या ओळींखाली कोणाचे नाव येत नाही.

यानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे. अंधश्रद्धेविरुद्ध झगडणारा कार्यकर्ता असा लेख लिहावयास बसला की त्याची लेखणी तापते. ‘भोंदू भगत अडाणी जनतेला लुबाडतात,’ असे वाक्य सहज उतरते. सभेत त्यावर टाळ्या पडतील. विश्वकोशात ते टिकणार नाही, आणि टिकूही नये. कारण त्या वाक्यात राग आहे, माहिती नाही. भगताला यश का येते, हे वाचकाला कळले पाहिजे. विंचवाच्या बहुतेक दंशांत नुसती वेदनाच होते आणि ती एका दिवसात आपोआप ओसरते. बहुतेक साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असे नाही. म्हणजे भगताकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळजण त्याने काहीही न करता बरे होणारच असतात. त्यांचे श्रेय मंत्राला मिळते; जे दगावतात ते नशिबाच्या खात्यावर जमा होतात. एवढे शांतपणे, आधारासह लिहिले की वाचकाला शिवी न देता विचार करावयास जागा मिळते. भगताकडे जाणारी आई मूर्ख नसते. तिने डोळ्यांनी पाहिलेले खरेच असते. तिचा अर्थ तेवढा चुकलेला असतो.

या तटस्थतेचा एक धडा अलिबागच्या समुद्रकाठी उभा आहे. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवणारी वेधशाळा पूर्वी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे ठरले आणि तिच्या प्रवाहाने सुया विचलित होतील हे स्पष्ट झाले. तेव्हा डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली नवी वेधशाळा अलिबागला उभारण्यात आली. १९०४ पासून तेथे नोंदी सुरू झाल्या आणि काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमाप करून आकडे पडताळले गेले. ट्राम वाईट होती असे नव्हे. ती मुंबईच्या कामगाराला हवीच होती. पण सुईजवळ तिचा प्रवाह नको होता. पक्षाच्या कार्यकर्त्याची निष्ठा ही अशीच ऊर्जा आहे. सभेत, मोर्चात, निवडणुकीत ती हवी. विश्वकोशाच्या पानावर मात्र तिने सुई हलवू नये. स्वतःच्या पक्षावर, स्वतःच्या नेत्यावर, प्रतिस्पर्ध्यावर कार्यकर्त्याने तेथे लिहू नये. लिहावेच लागले तर आपला संबंध उघड करावा.

बाहेरच्या जगातील अनुभवही हेच सांगतो. अमेरिकेतील सुझन गर्बिक यांनी २०१० साली स्वयंसेवकांचा एक गट बांधला आणि विकिपीडियातील विज्ञानाचे व छद्मविज्ञानाचे लेख अनेक भाषांत सुधारण्याचे काम हाती घेतले. काम मोठे झाले. पण गट करून संपादन करणे तटस्थतेला बाधक ठरते काय, हा वादही उद्भवला आणि २०२२ साली तो विकिपीडियाच्या लवाद समितीपर्यंत गेला. हेतू चांगला आहे एवढ्याने पद्धत चांगली ठरत नाही. चर्चा उघड असावी, प्रत्येक बदलाचे कारण लिहावे आणि कोणी आक्षेप घेतला तर आधाराने उत्तर द्यावे, नाहीतर माघार घ्यावी.

महाराष्ट्रात या कामाची किंमत किती असू शकते, हे वेगळे सांगावयास नको. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. साप, विंचू अथवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडादोरा करणे हा त्या कायद्याच्या अनुसूचीनुसार गुन्हा आहे. हे कलम किती घरांत ठाऊक आहे? ज्या लेखात विंचवाच्या विषाची माहिती आहे, त्यातच या कलमाचाही उल्लेख असला पाहिजे.

एक आक्षेप रास्त आहे. लेख लिहून आरोग्य केंद्रात औषध येत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतली होती आणि रुग्णालयाबाहेरच गेली. रस्ता नाही, वाहन नाही, केंद्रात डॉक्टर नाही, असला तर प्रतिविष नाही, ही त्यामागची वस्तुस्थिती आहे. तिच्यासाठी अर्ज, मोर्चे आणि सभागृहातील प्रश्न हाच मार्ग आहे. पण केंद्रात प्रतिविष असलेच पाहिजे, हे ज्याला ठाऊक नाही तो ते मागणार कसा? माहिती असलेला माणूस नशिबाला बोल लावत बसत नाही. तो तालुक्याच्या अधिकाऱ्याला जाब विचारतो.

महाडचे चवदार तळे येथून दूर नाही. मुंबईच्या विधिमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ते तळे खुले असल्याचे जाहीर केले. तरीही कोणाला पाणी मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या मागून हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली, ओंजळीने पाणी प्याली, आणि त्याबद्दल मारही त्यांनी सोसला. फोनवर लेख लिहिणाऱ्याला त्यांच्या सत्याग्रहाशी बरोबरी सांगता येणार नाही. परंतु खुले असणे आणि हाती येणे यांत अंतर असते, ते चालून तोडावे लागते, एवढे या भूमीवर शिकता येते. मराठी ज्ञानकोशाचे पान आज सर्वांना खुले आहे. त्यावर लाल विंचवाविषयीच्या खऱ्या, तपासलेल्या ओळी आणून ठेवणे आणि त्या बिघडणार नाहीत याची वर्षानुवर्षे राखण करणे, हे काम कोणीतरी अंगावर घ्यावयाचे आहे. या अभ्यासवर्गातून दोघांनी जरी एकेक लेख पत्करला, तरी पुढच्या पावसाळ्यात श्रीवर्धनच्या एखाद्या वाडीत फोन उघडणाऱ्या पोराला उत्तर मिळेल आणि ते घरच्यांना म्हणेल, भगताला राहू द्या, रिक्षा बोलवा.