परमुलखातली महालक्ष्मी



हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शिक्षणाविषयी पुष्कळ बोलले जाईल. आजच्या व्याख्यानाचा विषय त्या मानाने घरगुती आहे : जबलपुरातील मराठी कुटुंबांत भाद्रपदात होणारे महालक्ष्मींचे जेवण. तरीही शाळेशी त्याचा संबंध नाही असे नाही. मराठी मुलांच्या मराठीची एक परीक्षा दरवर्षी त्या दिवशी स्वयंपाकघरात होत असते, आणि तिचा निकाल गुणपत्रिकेपेक्षा खरा असतो.

जबलपुरास परमुलूख म्हणावे की नाही, हाच मुळात वादाचा प्रश्न. १७८१ मध्ये हे गाव सागरच्या मराठ्यांकडे आले, १७९८ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी घेतले. पुढे मराठी माणूस येथे आला तो बहुधा आगगाडीने. मुंबईहून निघालेली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि कलकत्त्याकडील ईस्ट इंडियन रेल्वे यांचे रूळ १८७० साली येथेच जुळले. रेल्वे, तारखाते, कचेऱ्या, विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेला तोफगाड्यांचा कारखाना यांत नोकरीनिमित्त कुटुंबे आली आणि राहिली. मध्यप्रांताची राजधानी नागपूर. त्यामुळे नागपूरहून जबलपुरास बदली होणे म्हणजे देशांतर नव्हते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, जबलपूर नव्या मध्यप्रदेशात राहिले आणि येथे उच्च न्यायालय आले. कित्येक घरे जागची हलली नाहीत. एका रात्रीत राज्यच त्यांच्याभोवतीने हलले. त्या दिवसापासून सणाच्या ताटावर अधिक भार पडला.

पहिली अडचण पंचांगाची. शेजाऱ्यांचा महिना पौर्णिमेस संपतो, मराठी महिना अमावास्येस. त्यामुळे शेजारी सावन सुरू होऊन पंधरा दिवस लोटले तरी मराठी घरात अजून आषाढच असतो. श्रावणी सोमवार कोणता, यावर शाळकरी मुलांना मित्रांपुढे खुलासे द्यावे लागतात. महालक्ष्मींचा हिशोब तर याहून अवघड. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन व महानैवेद्य, मूळ नक्षत्रावर विसर्जन. सण तिथीला बांधलेला नाही. म्हणून कार्यालयातील साहेबास रजेचे कारण सांगताना तारखेपेक्षा आकाशाचाच आधार अधिक घ्यावा लागतो!

दुसरी गोष्ट चवीची. विदर्भातून आलेल्या घरी ज्येष्ठा-कनिष्ठांचे मुखवटे उभे राहतात. सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, कढी, वडे, पंचामृत, पुरणाचे दिवे आणि जाड, पुरणाने गच्च भरलेली, तुपात बुडवलेली पोळी. कोकणातून आलेल्या काही घरी पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या गौरी बसतात आणि घावन-घाटल्याचा नैवेद्य होतो. मूळ गावी या दोन रीती क्वचितच समोरासमोर आल्या असत्या. येथे त्या एका चाळीत, एका कारखान्याच्या वसाहतीत आल्या, पुढे सोयरिकींमुळे एका घरातही आल्या. मग पुरणात गूळ घालावा की साखर, जायफळ हवे की वेलदोडा, यावर सासू-सुनेत जे संभाषण झाले त्यातूनच जबलपुरी मराठी ताट तयार झाले. ते शुद्ध नाही. पण परक्या गावी शुद्धतेचा हट्ट धरणाऱ्या घरांपेक्षा तडजोड करणाऱ्या घरांतच सण अधिक टिकतो, असे मानण्यास जागा आहे.

सोळा भाज्यांपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण खरी परीक्षा तेथे आहे. मंडईत दोडके मागून चालत नाही, तोरई मागावी लागते. लाल भोपळा कुम्हडा होतो, सुरण जिमीकंद होते, माठ चौलाई होते, शेपूला सोया म्हणावे लागते. अळूची पाने अरबीचे पत्ते म्हणून मिळतात. पिशवी घरी आली की त्याच भाज्यांना पुन्हा मराठी नावे प्राप्त होतात. उंबरठ्यावरचे हे भाषांतर पूर्वी मुले नकळत करीत. आता पिशवी न येता भाज्या चिरलेल्या येतात आणि मुलांच्या तोंडी एकच नाव उरते, ते बाजारातले. ज्या घरात दोडका हा शब्द गेला, तेथे दोडक्याच्या शिरांची चटणीही फार दिवस राहत नाही. शिरा फेकल्याच जातात; त्यांचे काही करता येते हे सांगणारा शब्दच नसतो.

याच मध्यप्रदेशातील मुक्तिबोध बंधूंची आठवण येथे होते. एकाच मराठी घरातले दोघे. गजानन माधव हिंदीतले थोर कवी झाले, शरच्चंद्र मराठीतले. गजानन माधव काही काळ जबलपुरातही होते. त्यांनी हिंदीत लिहिले याबद्दल मराठी माणसाने हळहळण्याचे कारण नाही. हिंदी येणे ही येथील मुलांची कमाई आहे. प्रश्न इतकाच, की मराठी तिच्या जोडीने राहते की तिच्याखाली दबते.

या जेवणाचे गुणगान करताना एक बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पहाटेपासून सोवळ्यात उभ्या राहिलेल्या बाईच्या पानावर घास येईतो दुपार उलटून जात असे. पुरण पाट्यावर वाटणारे हात तिचेच आणि उरलेसुरले खाणेही तिचेच. सवाष्ण म्हणून जिला मानाने पाटावर बसवीत, तिलाच वैधव्य आले की पुढच्या वर्षी त्या पाटावर जागा नसे. जातीबाहेरच्या शेजारणीला प्रसाद दारातून मिळे. जबलपुरात या गोष्टी बऱ्याच अंशी सुटल्या. काही विचाराने, काही केवळ माणसे कमी असल्यामुळे. पंगत भरायची तर हिंदी, बंगाली शेजाऱ्यांना बोलवावेच लागले. सुटले ते योग्यच सुटले. जेथे पुरुष आणि मुलगे भाज्या चिरावयास बसतात, तेथे सोळाच्या अकरा झाल्या तरी नैवेद्यात उणे आले असे म्हणवत नाही. जेथे सून एकटीच सोळा करते, तेथे तिच्या मुलीने पुढे हा सण सोडला तर दोष मुलीचा नव्हे.

आता या शाळेचे विद्यार्थी आणखी दूर गेले आहेत. मराठी माणसाचे समुद्रापलीकडे मंडळ काढणे नवे नाही : लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ चे, उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ चे. हरभऱ्याची डाळ आणि गूळ तेथील भारतीय दुकानांत मिळतात. गोठवलेली पुरणपोळीही मिळते. पुरण शिजवून निथळलेल्या पाण्याची कटाची आमटी मात्र गोठवलेल्या पोळीबरोबर येत नाही. ती हवी तर पुरण घरीच शिजवावे लागते, आणि कशी करतात हे विचारण्यासाठी रात्री-अपरात्री जबलपुरास दूरध्वनी येतो.

त्याच दूरध्वनीत दुसरा प्रश्न असतो : ज्येष्ठा नक्षत्र नेमके केव्हा लागते? भाद्रपदात न्यूयॉर्कचे घड्याळ जबलपूरच्या साडेनऊ तास मागे असते. येथे पहाटे लागलेले नक्षत्र तेथे आदल्या संध्याकाळीच लागते, म्हणजे तारीख बदलते. काही घरे तेथल्या वेळेचे पंचांग पाहतात, काही आईने सांगितलेला दिवस धरतात आणि बरीच घरे सरळ शनिवार धरतात. पंचांगास शनिवार मान्य होणार नाही. पण शनिवारी मुले घरी असतात आणि भाज्या चिरावयास हात मिळतात.